पावसाळ्याआधी कुणाकुणाला विचारायचं: बेळगाव सीमाभागात हवामानाचं काम हाती घेणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यात हवामान एकसारखं कधीच नव्हतं. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी, आमगाव भागात पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. त्याच जिल्ह्यात अथणीच्या पूर्वेकडच्या गावांत उन्हाळा आला की पाण्याची ओढाताण सुरू होते. पण गेल्या काही वर्षांत फेरे फार जवळ आलेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी पात्राबाहेर आल्या. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी चढलं आणि वाहतूक थांबली. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. पुरातून सावरतोय तोवर दुष्काळ.

हे बघून आता गावागावांत कुणी ना कुणी काहीतरी करायला निघालंय. कुठे कॉलेजची मुलं आहेत, कुठे बचत गट, कुठे नव्याने निवडून आलेल्या पंचायत सदस्या. हा लेख त्यांच्यासाठी आहे. झाडं कशी लावावीत, बंधारा कसा बांधावा, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं: ज्यांचं नुकसान होतं पण कागदावर ज्यांचं नाव नसतं, अशा माणसांची वही आधी करा आणि काम त्यांना विचारून ठरवा. याला वेळ लागतो. पण हे टाळलं तर चांगल्या मनाने केलेल्या कामाचा फायदाही ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्याच दारात जातो.

पहिलं काम: एप्रिल-मेमध्ये शिवार आणि गल्ल्या पायी फिरा

फॉर्म, बॅनर, टी-शर्ट काही नको. सोबत कोण घ्यायचं ते नीट ठरवा. पंचायतीचा वॉटरमन घ्या, कारण कुठल्या गल्लीला पाणी शेवटी पोचतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आशा कार्यकर्ती घ्या, कारण कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण गरोदर आहे, हे तिला ठाऊक असतं. शेळ्या-मेंढ्या राखणारा कुणी सोबत आला तर फारच चांगलं.

बेळगाव शहराच्या दक्षिणेचं उदाहरण घ्या. बेळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ भागातल्या भातशेतीत शिरतं आणि दिवसेंदिवस उभं राहतं. शेतकऱ्याचं रोप कुजतं, दुबार लावणी करावी लागते. हे नुकसान डोळ्यांना दिसतं, त्यावर निवेदनं जातात, आंदोलनं होतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच शिवारात लावणीला आणि भांगलणीला जाणाऱ्या बायकांचे रोजगाराचे दिवस बुडतात, त्याचा पंचनामा कुणी करत नाही. शेतात पाणी असेपर्यंत त्यांना काम नाही, आणि काम नाही म्हणून घरात उसनवारी सुरू. म्हणून बांधावर उभं राहून फक्त मालकाशी बोलू नका. पाणी ओसरल्यावर किती दिवस घरी बसलात, दुकानात उधारी किती झाली, जनावरं कुठे नेली होती, पाणी भिंतीवर कुठवर आलं ते हाताने दाखवा, असे साधे प्रश्न विचारा. उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्या.

दुसरं काम: नाव नसलेल्यांची वही

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या मते अर्धा न्याय इथेच होतो किंवा हुकतो.

पुरानंतर पिकाची नुकसानभरपाई कशी येते ते समजून घ्या. महसूल खात्याचा माणूस, ज्याला आपण अजून तलाठीच म्हणतो, तो कृषी खात्याच्या लोकांबरोबर येऊन पाहणी करतो. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच ते धरलं जातं. मदत उताऱ्यावरच्या नावाने, आधारला जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. आपत्ती निवारण निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० असे होते, तेही २ हेक्टरपर्यंत. म्हणजे २० गुंठे पावसावरच्या भाताला सतराशे रुपयांच्या आसपास. रक्कम आधीच इतकी तुटपुंजी, आणि ती तरी कुणाच्या खात्यात पडते?

आता आपल्याकडची शेती बघा. उताऱ्यावर नाव आजोबांचं, ते वारून वर्षं झाली, वारसा नोंद झालेली नाही. किंवा नाव थोरल्या भावाचं, तो पुण्याला नोकरीला, आणि शेत करतेय धाकट्याची विधवा. किंवा जमीन खंडाने, वाटणीने दुसराच कसतोय. बियाणं, खत, मजुरी सगळं त्याच्या खिशातून गेलंय, आणि मदतीचा मेसेज येतो मालकाच्या मोबाईलवर. मालक वाईट असतो असं नाही. त्याला भीती असते. १९७४ नंतर कर्नाटकात कुळाने जमीन देणंच कायद्याने बंद झालं, त्यामुळे खंडाचा कागद करायला कुणी धजत नाही. एकदा लिहून दिलं तर जमीन जाईल, ही धास्ती दोन पिढ्यांपासून घराघरात आहे.

म्हणून नव्या कार्यकर्त्याने खंडाचा करार करा म्हणून मागे लागू नये. दार बंद होतं. त्याऐवजी एवढंच मागा: पाऊस सुरू होण्याआधी, गावच्या पंचांसमोर, "या हंगामात पिकाचं नुकसान होऊन सरकारी मदत आली तर ती कसणाऱ्याला द्यायची" असं तोंडी ठरवायचं आणि तुमच्या वहीत दोघांची सही किंवा अंगठा घ्यायचा. त्यात खंड किती, किती वर्षांपासून, यातलं काही लिहायचं नाही. कोर्टात हे टिकेल की नाही हा प्रश्नच नाही. आपल्या गावात चार माणसांसमोर दिलेला शब्द मोडणं अवघड असतं, आणि तेवढा आधार पुष्कळदा पुरतो.

वहीत एका घराला एक पान द्या. घरातल्या कर्त्या बाईचं नाव आधी लिहा. मग जमीन कुणाच्या नावावर, कसतं कोण, घर स्वतःचं की भाड्याचं, छप्पर कौलाचं की पत्र्याचं, रोजगार कशाचा (विडी, ऊसतोड, वीटभट्टी, लावणी), घरात कोणती भाषा बोलतात, एकटं म्हातारं, अपंग किंवा गरोदर कुणी आहे का, मोबाईल कुणाच्या हातात असतो. हा शेवटचा रकाना गाळू नका. पुराचा मेसेज नवऱ्याच्या मोबाईलवर येतो आणि नवरा कामावर औद्योगिक वसाहतीत असतो, असं निम्म्या घरांत निघेल.

वारसा नोंद राहिलेली घरं निघतील त्यांचे अर्ज लगेच नाडकचेरीत, म्हणजे आपल्या भागाच्या महसूल कार्यालयात, द्यायला लावा. झाडं लावण्यापेक्षा हे काम कोरडं वाटेल, पण पुढच्या पुरात त्या घराला उपयोग याचाच होणार आहे.

तिसरं काम: बैठक कुठे, कधी, कुठल्या भाषेत

देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवायची आपल्याला सवय आहे. पण तिथे पाय ठेवताना काही घरांना आजही अवघडल्यासारखं होतं, हे आपण सगळे जाणतो. म्हणून शाळा किंवा अंगणवाडी निवडा. त्याहून बरं म्हणजे पहिली बैठक दलित वस्तीत, दुसरी धनगर गल्लीत, तिसरी चावडीजवळ अशी फिरती ठेवा. वस्तीत गेलात की तिथल्या माणसांचं बोलणं वेगळं असतं. तेच लोक चावडीजवळ मागे उभे राहून ऐकत असतात.

वेळेचं म्हणाल तर संध्याकाळी सात ही फक्त पुरुषांची वेळ आहे. आपल्या बऱ्याच गावांत अजून वार पाळणूक असते. त्या दिवशी शिवारात कुणी जात नाही. त्या दिवसाची दुपार धरा, बायका मोकळ्या असतात. तरीही आधी बायकांशी वेगळं बसा. सासरे आणि दीर समोर असताना सुनेने तोंड उघडावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. त्यांचं म्हणणं लिहून घ्या आणि मोठ्या बैठकीत ते त्यांच्यातल्याच एका वयस्क बाईला वाचायला द्या.

आता भाषा. सीमाभागात हा विषय दुखरा आहे आणि मी तो टाळणार नाही. पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, इतिवृत्त कन्नडमध्ये, पूर आल्याचा इशारा कन्नडमध्ये, आणि गावातली साठीची म्हातारी फक्त मराठी जाणते. तिच्यापर्यंत इशारा न पोचणं हा तिच्या जिवाशी संबंधित प्रश्न आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार आपलं गाऱ्हाणं राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येतं. तेव्हा अर्ज मराठीत बिनदिक्कत द्या. सोबत एक कन्नड प्रत जोडली तर टेबलावर तो लवकर हलतो, आणि तसं केल्याने आपला हक्क कमी होत नाही. गावात कन्नड नीट लिहिणारी पोरं आता घरोघरी आहेत, त्यांना या कामात घ्या. इतिवृत्तावर सही करण्याआधी ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा.

पण जो हक्क आपण मागतो तो आपल्या गावात दुसऱ्यालाही द्यायचा. वीटभट्टीवर आलेलं कन्नड किंवा लंबाणी कुटुंब, उर्दू बोलणारी गल्ली, उसाच्या फडावर उतरलेली विजापूरकडची टोळी, यांना मराठीतली दवंडी कळत नाही. प्रत्येक भाषेतला एक माणूस हाताशी ठेवा.

चौथं काम: मागणी कागदावर आणणं

कर्नाटकात ग्रामसभेच्या आधी वार्डसभा असते. मागणी तिथेच नोंदवा. थेट ग्रामसभेत उभं राहून बोललात तर टाळ्या मिळतील, पण गावाच्या विकास आराखड्यात काम बसायचं असेल तर ते खालून, वार्डसभेच्या यादीतून वर जावं लागतं. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, आठवडाभर आधी भेटून तारीख विचारा आणि दवंडी देण्याची आठवण करा. मुलांची ग्रामसभाही होते; शाळेच्या वाटेवरचा ओढा कधी अडतो हे मुलंच नेमकं सांगतात.

शहरात असाल तर बेळगाव महापालिकेच्या ५८ प्रभागांपैकी तुमच्या प्रभागाची समिती झाली आहे का ते विचारा. कायद्याने तीत किमान ३ महिला, अनुसूचित जाती-जमातीचे २ आणि रहिवासी संघटनांचे २ सदस्य असायला हवेत. नावं मिळत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही.

पाचवं काम: कुठलं काम निवडायचं याची पारख

प्रत्येक सूचनेला तीन प्रश्न लावा. फायदा कुणाला? राबणार कोण? यात कुणाचं काय जाणार? तिसरा प्रश्न विचारायचं लोक विसरतात.

गायरानात झाडं लावायचं ठरलं. चांगलंच आहे. पण त्या गायरानावर कुणाच्या शेळ्या चरतात? ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्याच. कुंपण घातलं की त्यांचा चारा बंद. मग कुंपण टप्प्याटप्प्याने घाला, एक तुकडा चरायला मोकळा ठेवा, आणि कुठली झाडं हवीत ते शेळ्या राखणाऱ्याला विचारा. तो नीलगिरी सांगणार नाही. हादगा, बाभूळ, उंबर सांगेल.

घरावर सौरऊर्जा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, जरूर घ्या. मात्र ते स्वतःचं पक्कं घर आणि आगाऊ घालायला पैसे असणाऱ्यांच्याच कामाचं. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत दुपारभर विड्या वळत बसणाऱ्या निपाणीच्या बाईला त्याचा काय उपयोग? तिच्यासाठी पत्रा पांढरा करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पत्रा घासून धुवायचा, गंज काढायचा, मग उन्हं उतरल्यावर चुन्याचे, नाहीतर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे. चुना स्वस्त, पण पावसात उतरतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. रंग महाग, पण काही वर्षं टिकतो. पांढरा पत्रा कमी तापतो आणि खोलीतली उष्णता कमी होते. घरमालकाची परवानगी आधी घ्या, आणि या सुधारणेच्या नावाखाली भाडं वाढवणार नाही हेही त्याच वेळी बोलून घ्या.

उसाचं पाचट जाळू नये, हे खरंच. धूर होतो, जमिनीचा कस जातो. पण पाचट कुजवायला मजुरी आणि वेळ लागतो, आणि एकरभर ऊस असणाऱ्याला ते एकट्याने परवडत नाही. चार-पाच जणांनी मिळून कुट्टीचं यंत्र भाड्याने आणलं तरच जमतं. बंदीचा फलक लावून हे होणार नाही.

आणि शहरवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. बेळगावचा कचरा तुरमुरीला जातो. ओला-सुका वेगळा न करता आपण जो डबा गाडीत ओततो, त्याचा वास आणि माशा त्या भागातल्या गावांना सोसाव्या लागतात, आणि कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन बाहेर पडतो तो वेगळाच. शहरातल्या गल्लीत कचरा वेगळा करणं हे तुरमुरीच्या माणसाशी न्यायाने वागणं आहे. तुमच्या मंडळाच्या पोरांना एकदा तिथे घेऊन जा.

खानापूरच्या जंगलातली गावं

इथे पद्धत वेगळी लागते. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. आतल्या गावांत रस्ता, वीज, दवाखाना यांची वानवा आहे, आणि पुनर्वसनाचा विषय सतत निघतो. म्हादई, मलप्रभा याच डोंगरात उगम पावतात. खालच्या सगळ्या शहरांना पाणी देणारं हे जंगल ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं, त्यांनाच अडथळा समजून काम सुरू करू नका.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो; इतरांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वास. आपल्याकडचे गवळी-धनगर कर्नाटकात अनुसूचित जमातीत धरले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर ७५ वर्षांची अट येते आणि तिथेच दावे अडतात. कागद नाही म्हणून हार मानू नका. नियमांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवाचं ठिकाण हे सगळे पुरावे धरले आहेत. एकाहून अधिक पुरावे हवेत एवढंच. म्हणून तरुणांनी पहिलं काम हे करावं: गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांजवळ बसून कुठली राई कुणाची, गोठे कुठे होते, कुठल्या वर्षी कुठे मुक्काम हलवला, हे लिहून घ्या आणि जागेचे फोटो काढा. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात, तेही तपासा. कुणी पुनर्वसन स्वीकारायचं म्हणत असेल तर तो त्याचा निर्णय; पण हक्क नोंदवून मग बोलणी झाली पाहिजेत आणि ग्रामसभेची खुली संमती असली पाहिजे. आपण बाहेरून जाऊन कुठल्याच बाजूने त्यांना ढकलू नये.

वेदगंगा-दूधगंगाकाठच्या गावांत

काळम्मावाडी आणि पाटगाव ही धरणं वर, महाराष्ट्रात. तिथल्या पावसाची आणि विसर्गाची बातमी कोल्हापूरकडून मराठीत आधी येते, ती ऐकायची जबाबदारी गावात दोघांवर सोपवा. मग फोनची साखळी करा: कोण कुणाला कळवणार, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या दारात कोण जाणार. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची, अपंगांची, गरोदर बायकांची यादी तुमच्या वहीत आहेच.

लोक वेळेवर घर सोडत नाहीत, कारण गोठ्यात म्हैस असते. एकच म्हैस, तिच्यावर घर चालतं. माणसांच्या काळजी केंद्राआधी, म्हणजे पुरात लोकांना हलवतात त्या निवाऱ्याआधी, जनावरांची जागा आणि वैरण ठरवली तर पुष्कळ जण आदल्या दिवशी निघतात. काळजी केंद्रात बायकांचं शौचालय वेगळं, दिव्याच्या उजेडात आणि कडी लागणारं आहे का, हे मे महिन्यातच बायकांनी स्वतः जाऊन बघावं.

प्रत्येक घराला एक जाड प्लास्टिकची चेनची पिशवी द्या. तीत आधार, रेशनकार्ड, पासबुक, उतारा. त्यांचे फोटो दोन वेगळ्या मोबाईलवर. घराच्या चारी भिंतींचा आणि उभ्या पिकाचा पाऊस सुरू होण्याआधीचा फोटो काढून ठेवा. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याआधी दुसरा काढा. पाहणीला आलेली माणसं बऱ्याचदा रस्त्याकडेच्या शेतांवरून परततात, चिखलामुळे आत जात नाहीत. त्या दिवशी आतल्या शेतवाल्यांना घेऊन उभं राहा, यादीत नाव आलं का ते तिथेच विचारा, आणि यादी पंचायतीच्या फलकावर लागली की वहीशी ताडून बघा.

पैशाचं

हिशोब बचत गटाकडे ठेवा आणि दर महिन्याला फलकावर लावा. तालुक्याच्या बैठकीला बायका शक्ती योजनेमुळे फुकट बसने जातील, पण त्यांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. तो वर्गणीतून भरून द्या. भरून देता येत नसेल तर बैठक गावात बोलवा, अधिकाऱ्यांना इकडे येऊ द्या.

पहिला पावसाळा सरला की, ऑक्टोबरच्या आसपास, वही घेऊन पुन्हा त्याच घरी जा. मदत आली का, कुणाच्या खात्यात आली, पंचांसमोर दिलेला शब्द पाळला गेला का, वारसा अर्जाचं काय झालं, हे प्रत्येक पानावर लिहा. नवीन भाडेकरू, नवीन भट्टी कामगार आले असतील तर त्यांची पानं वाढवा. मग ती वही वस्तीतल्या दोन बायकांच्या ताब्यात द्या, आणि पुढच्या एप्रिलची शिवारफेरी त्यांना काढू द्या.